खजुराच्या लाडवावर ‘नो अ‍ॅडेड शुगर’ लिहिता येतं का? (पाकिटावरचे दावे आणि लेबलचे नियम)

शेवंती
नमस्कार मंडळी. आमच्या बचत गटाचे खजूर-नाचणी लाडू आतापर्यंत सुटे जात होते, आता २५० ग्रॅमच्या पाकिटात द्यायचे आहेत. १०० ग्रॅम मिश्रणात बिया काढलेला खजूर ४५, नाचणीचं पीठ २५, साजूक तूप १५, तीळ ८ आणि शेंगदाण्याचं कूट ७, असं प्रमाण आहे. साखर नाही, गूळ नाही. एक लाडू २५ ग्रॅमचा. नोंदणी झालेली आहे, क्रमांक हातात आहे.
डिझाइनवाल्याने पुढच्या बाजूला हे टाकलंय : ‘शुगर फ्री. नो अ‍ॅडेड शुगर. हाय प्रोटीन. ग्लुटेन फ्री. १००% नॅचरल. केमिकल फ्री. मधुमेहींसाठी उत्तम.’ यातलं काय ठेवायचं, काय काढायचं? छपाईला टाकण्याआधी नीट समजून घ्यायचं आहे.

लिंबूटिंबू
ताई, आधी शेवटचं वाक्य खोडा. बाकीचं सावकाश बोलू.

नियमावली
लिंबूटिंबूंना अनुमोदन. रोग बरा होतो, टळतो किंवा आटोक्यात राहतो असं खाण्याच्या पाकिटावर सुचवताच येत नाही. त्यासाठी स्वतंत्र मान्यता लागते. ‘डॉक्टरांनी सुचवलेले’ हेही चालत नाही.
दोन नियमावल्या वेगळ्या ठेवा, कारण लोक त्यांची सरमिसळ करतात. पाकिटावर काय छापलंच पाहिजे हे २०२० च्या लेबलिंग अँड डिस्प्ले विनियमांत आहे. आपण होऊन काय मिरवता येईल हे २०१८ च्या अ‍ॅडव्हर्टायझिंग अँड क्लेम्स विनियमांत. दोन्ही एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची. वजन, किंमत आणि ग्राहक तक्रारीचा पत्ता यांसाठी तिसरा कायदा, वैधमापनाचा. तपासायला येणारी माणसंही वेगळी : पहिल्या दोन्हींसाठी अन्न व औषध प्रशासन, तिसऱ्यासाठी वैधमापनशास्त्र.
आता एकेक दावा.
‘शुगर फ्री’ : १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. साखर म्हणजे फक्त पांढरी साखर नव्हे. खजुरातलं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही त्यात येतं. वाळक्या खजुरात ढोबळमानाने ६५ टक्के साखर धरली तर ४५ ग्रॅम खजुरातून २९ ग्रॅम येते. मर्यादा अर्धा ग्रॅम, तुमच्याकडे २९. ‘लो शुगर’ची मर्यादा ५ ग्रॅम, म्हणजे तेही नाही.
‘नो अ‍ॅडेड शुगर’ : इथेच बहुतेक जण अडकतात. साखर, मध, काकवी, सिरप घातलं नाही एवढ्यावर भागत नाही. साखरेच्या ऐवजी गोडी आणणारा घटकही घातलेला नको, आणि नियमात त्याची उदाहरणं म्हणून फळांच्या रसाचा अर्क आणि सुक्या फळांची पेस्ट ही दोन दिलेली आहेत. खजूर वाटून लाडू वळला तर ती सुक्या फळाची पेस्टच झाली.

गोधडी
मला हे पटत नाही. खजूर हा त्या लाडवाचा मुख्य पदार्थ आहे, गोडीसाठी वरून घातलेला नाही. ४५ टक्के खजूर असलेल्या पदार्थात तो साखरेची बदली कसा ठरेल? नावातच खजूर आहे. बारीक चिरून घातला तर पेस्टही राहत नाही.

नियमावली
गोधडी, युक्तिवाद बिनबुडाचा नाही. नुसत्या खजुराचे तुकडे पाकिटात भरून ‘नो अ‍ॅडेड शुगर’ लिहिलं तर कुणी हरकत घेणार नाही. पण नाचणीचा लाडू एरवी गुळाने किंवा साखरेने बांधतात. त्या जागी खजूर आला तर अधिकारी विचारणार, की खजूर काढला तर लाडू गोड राहील का? नाही राहणार. मग बदलीच झाली. ही बाजू लढवता येईल, पण ती नोटिशीला उत्तर देताना लढवावी लागेल, आणि तोवर पाकिटं छापून झालेली असतील.
शिवाय हा दावा टिकला असं धरलं, तरी पदार्थात मुळात साखर असेल तर सोबत ‘कन्टेन्स नॅचरली ऑकरिंग शुगर्स’ असं लिहावं लागतं.

चाळणी
वरच्यात भर. ‘गोडी खजुराची’ किंवा ‘साखर-गूळ न घालता, खजुरात बांधलेला’ हे लिहिलं तर माहिती तीच पोहोचते. घटकांच्या यादीतही ते खरं दिसतं. दुसऱ्या वाक्याचा सूर मात्र दाव्याकडे झुकतो, त्यामुळे माझं मत पहिल्याला.
गुळाच्या लाडवावर ‘नो अ‍ॅडेड शुगर’ लिहिलेलं बाजारात सर्रास दिसतं. ते तर सरळ चूक आहे. गूळ ही साखरच.

माणदेशी
‘रिफाइंड शुगर फ्री’ चालेल का मग?

चाळणी
माणदेशी, दाव्यांच्या विनियमांच्या परिशिष्टात त्याची व्याख्या नाही. व्याख्या नसलेला शब्द वापरला म्हणजे सूट मिळाली असं नसतं. दिशाभूल होते का, हा प्रश्न उरतोच. ‘रिफाइंड’ बारीक अक्षरांत आणि ‘शुगर फ्री’ ठळक छापलं तर गिऱ्हाईक काय वाचणार ते उघड आहे.

टेस्टट्यूब
आकडेमोडीचं मी बघते. शेवंतीताई, तुमच्या प्रमाणावरून १०० ग्रॅम लाडवाचा कच्चा हिशेब मांडला आहे. नाचणीचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांतले, बाकीचे ढोबळ.
प्रथिनं : नाचणीतून १.८, खजुरातून १.१, कुटातून १.७, तिळातून १.६. एकूण सव्वासहा ग्रॅमच्या आसपास. प्रौढ पुरुषाची रोजची गरज ५४ ग्रॅम धरतात. ‘हाय’ किंवा ‘रिच’ म्हणायला १०० ग्रॅममध्ये तिच्या २० टक्के, म्हणजे १०.८ ग्रॅम हवीत. ‘सोर्स ऑफ प्रोटीन’ला १० टक्के, म्हणजे ५.४ पुरतात. तेव्हा हाय प्रोटीन नाही. सोर्स कागदावर बसतं.
फायबर : नाचणीत १०० ग्रॅमला ११ ग्रॅमच्या वर असतं, त्यामुळे २५ ग्रॅममधून २.८. खजुरातून साडेतीन. तीळ आणि कूट मिळून दोनच्या आसपास. एकूण आठ ग्रॅम. ‘हाय फायबर’ची अट ६ ग्रॅम आहे. तुमच्याकडे खराखुरा दावा आहे आणि डिझाइनवाल्याने नेमका तोच टाकलेला नाही!
कॅल्शियम : प्रौढाची गरज १००० मिलिग्रॅम. ‘सोर्स’ला १५ टक्के म्हणजे १५०, ‘रिच’ला ३०० लागतात. नाचणीचे ९१, खजुराचे वीस-पंचवीस. तीळ सालासकट असतील तर त्यांचे नव्वदच्या आसपास. बेरीज दोनशेला टेकते, सोर्समध्ये बसते. पण सोललेले पांढरेशुभ्र तीळ वापरले तर बेरीज १२० च्या आसपासच अडते, कारण तिळाचं कॅल्शियम मुख्यतः सालात असतं. आता सांगा, तीळ कुठले?

शेवंती
सोललेले वापरत होतो, दिसायला बरे म्हणून. पण पॉलिश न केलेले सहज मिळतात. फायबरचं तर लक्षातच आलं नव्हतं.

दगडीजातं
फायबरच्या बाबतीत एक धोका सांगतो. नाचणीचं पीठ तुम्ही चाळता का? लाडू तोंडात खरखरीत लागू नये म्हणून बारीक चाळणीने किंवा कापडाने चाळतात, आणि कोंडा सगळा वर राहतो. कोष्टकातले ११ ग्रॅम अख्ख्या धान्याचे आहेत. वस्त्रगाळ पिठात ते उरत नाहीत. प्रयोगशाळेला द्यायचा नमुना न चाळलेल्या पिठाचा आणि विक्रीचा माल चाळलेल्या पिठाचा, असं झालं तर दावा खोटा पडतो. खरखरीतपणा घालवायचा असेल तर नाचणी आधी भाजा, मग दळा, आणि पीठ तुपात मंद आचेवर पुन्हा परता. चाळायची गरज उरत नाही.
दुसरं, ग्लुटेन फ्री. नाचणीत ग्लुटेन (गव्हासारख्या धान्यांतलं प्रथिन) नाही हे खरं. पण दळता कुठे? सार्वजनिक गिरणीत आधी गव्हाचं दळण निघालेलं असतं. जात्याच्या खाचांत, पिठाच्या तोंडाशी बांधलेल्या कापडात, डब्याच्या कडेला गव्हाचं पीठ असतंच. पहिली दोन किलो नाचणी ‘वाहवून’ टाकली तरी खात्री नाही. मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. किलोभर नाचणीत चिमूटभर कणीक मिसळली तरी ती ओलांडते.

टेस्टट्यूब
दगडीजातं यांचं बरोबर आहे. गव्हाच्या पिठात दहा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं धरा, त्यातलं बहुतांश ग्लुटेन. म्हणजे किलोत पाव ग्रॅम कणीक मिसळली तरी मर्यादा गाठली जाते. सेलिअ‍ॅकच्या (ग्लुटेन न सोसण्याच्या आजाराच्या) रुग्णाला याचा खरोखर त्रास होतो, हा केवळ कागदी मामला नाही. वेगळं जातं, वेगळी भांडी आणि प्रत्येक बॅचची एलायझा (ग्लुटेन मोजणारी प्रयोगशाळेतली) तपासणी जमणार असेल तरच ग्लुटेन फ्री लिहा. जमणार नसेल तर उलट ‘मे कन्टेन व्हीट’ लिहा.

कोकणकडा
अ‍ॅलर्जीचा विषय निघालाच आहे तर : लाडवात शेंगदाणे आणि तूप आहे, त्यामुळे ‘कन्टेन्स पीनट, मिल्क’ हे लिहायलाच हवं. आपल्या यादीत ग्लुटेनवाली धान्यं, कवचधारी जलचर, अंडी, मासे, शेंगदाणे, बदाम-काजूसारखा सुका मेवा, सोयाबीन, दूध आणि किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट एवढं येतं. सल्फाइट विसरू नका : जर्दाळू-मनुकांसारखा काही सुका मेवा गंधकाची धुरी दिलेला असतो.

बे_एरिया
तीळ भारताच्या यादीत नाही, पण अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तो नववा अ‍ॅलर्जन आहे. युरोप आणि ब्रिटनच्या चौदांतही आहे. इथल्या मराठी मंडळांच्या संक्रांतीला भारतातून पार्सलं येतात, तिळाचा उल्लेख मात्र फक्त घटकांच्या बारीक यादीत असतो. पुढेमागे निर्यातीचा विचार असेल तर ‘कन्टेन्स पीनट, मिल्क, सेसमी’ असं आत्ताच लिहून टाका. भारतात जास्तीचं लिहायला बंदी नाही.

छापखाना
छपाईकडे या. पहिली ऑर्डर दहा हजार पाउचची देऊ नका. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. एक शब्द बदलला तरी त्या रंगाचा सिलिंडर नवा. लेबलचे बदललेले नियम साधारण १ जुलैपासून लागू करायची पद्धत एफएसएसएआयने ठेवली आहे, तेव्हा पावसाळ्याच्या तोंडावर गोदामात पाउचचा ढीग नको. सुरुवातीला साधा क्राफ्ट किंवा रुपेरी पाउच घ्या आणि डिजिटल छपाईचं स्टिकर लावा, पाचशेच्या पटीत.
तारखेसाठी रबरी शिक्का वापरू नका. पाउचच्या बीओपीपी (प्लॅस्टिकच्या) फिल्मवर शाई बसत नाही आणि तुपाचा हात लागला की तारीख पुसते. तारीख पुसलेलं पाकीट म्हणजे तारीख नसलेलं पाकीट. स्टिकरवर मॅट पांढरी चौकट मोकळी सोडा आणि त्यात थर्मल ट्रान्सफर छपाई करा.

माणदेशी
तारखेत ‘बेस्ट बिफोर ४५ डेज’ एवढंच लिहिलं तर?

नियमावली
आता पुरत नाही. २०२० च्या नियमांपासून उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ तारीख, दोन्ही सक्तीच्या. बेस्ट बिफोर ऐच्छिक आहे, वाटलं तर जोडीला लिहा. टिकवण तीन महिन्यांच्या आत असेल तर दिवस, महिना, वर्ष तिन्ही हवं. ‘पॅकिंगपासून ४५ दिवस’ ही आकडेमोड गिऱ्हाइकावर सोडू नका.

दगडीजातं
टिकवण ठरवायची कशी हे कुणी सांगितलं नाही. शेजारच्या दुकानाचा आकडा उचलू नका. एकाच बॅचची बंद पाकिटं ठेवा आणि ०, १५, ३०, ४५, ६० व्या दिवशी एकेक उघडा. या लाडवात दोन गोष्टी बिघडतात. तूप आणि कूट खवट होतं. त्याची मोजणी पेरॉक्साइड व्हॅल्यूने होते, नाकाला वास त्याच्या बराच नंतर येतो. आणि खजुराच्या ओलाव्याने बुरशी येते, ती आधी दोन लाडू जिथे चिकटलेले असतात तिथे दिसते. खजूर तुपात परतून ओलावा उडवला, लाडू पूर्ण गार करून मग भरले, तर बुरशी लांबते. गरम लाडू पाकिटात घातले की आत घाम धरतो आणि आठवड्यात माल जातो. पारदर्शक बरणी सुंदर दिसते, पण उजेडाने खवटपणा लवकर येतो. बिघाड ज्या दिवशी दिसला त्याच्या बराच अलीकडचा दिवस छापा.

लिंबूटिंबू
आणि उन्हाळ्यात परत करा हीच चाचणी. विदर्भातला मे महिना आणि पुण्यातला डिसेंबर यांची टिकवण एक नसते.

आंबोली
थोडं अवांतर. तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहितात ते चालतं का? शेंगदाणा तेलात कोलेस्टेरॉल नसतंच ना कधी?

चाळणी
नसतंच, कुठल्याच वनस्पती तेलात सांगण्याजोगं नसतं. म्हणून नियम असा की जो पदार्थ मुळातच एखाद्या घटकाविना असतो, त्याच्या नावाला तो दावा चिकटवता येत नाही. ‘अमुक कोलेस्टेरॉल-फ्री शेंगदाणा तेल’ असं लिहिलं तर दुसऱ्यांच्या शेंगदाणा तेलात ते असतं असा अर्थ निघतो. ‘शेंगदाणा तेल हा कोलेस्टेरॉलमुक्त पदार्थ आहे’ असं त्या सगळ्या जातीबद्दल लिहावं लागतं.
‘नो प्रिझर्व्हेटिव्ह’लाही हेच तत्त्व आहे. तो परिरक्षक त्या प्रकारच्या पदार्थात घालायला मुळात परवानगी हवी आणि लोकांना तो त्यात असेल असं वाटत असायला हवं. ज्यात तो घालताच येत नाही त्यात ‘आम्ही घातला नाही’ हे सांगण्यात अर्थ नाही. आणि एक काढून त्याच कामाचं दुसरं काही घातलं असेल तर तेही तितक्याच ठळकपणे सांगावं लागतं.

गोधडी
‘१००%’ बद्दल बोला कुणीतरी. फळांच्या रसाचं प्रकरण झालं होतं ना?

नियमावली
हो. जून २०२४ मध्ये एफएसएसएआयने अर्कात पाणी घालून बनवलेल्या रसांवरून ‘१००% फ्रूट ज्यूस’ काढायला सांगितलं. मग मे २०२५ मध्ये एकूणच लेबलवर आणि जाहिरातीत ‘१००%’ वापरू नका अशी सूचना आली, कारण कायद्यात त्याची व्याख्याच नाही. त्यामुळे ‘१००% नॅचरल’मधला आकडा तर गेलाच.
‘नॅचरल’ शब्दही मिश्र पदार्थाला लागत नाही. तो एकाच घटकाच्या, काही न घातलेल्या पदार्थासाठी आहे. मिश्र पदार्थाला फार तर ‘नैसर्गिक घटकांपासून बनवलेला’ म्हणता येतं, आणि तेही प्रत्येक घटक त्या अटीत बसला तर. ‘प्युअर’चंही तसंच. हे शब्द ब्रँडच्या नावात असतील तर ‘हे केवळ ब्रँडचं नाव आहे’ अशा अर्थाची सूचना छापावी लागते. म्हणून गटाचं नाव ‘शुद्ध’ किंवा ‘नैसर्गिक’ असलं तर आधी विचार करा.
‘केमिकल फ्री’ला कुठेच आधार नाही. पाणी हेही रसायन आहे.

आंबोली
आणि ए-वन, ए-टू दुधाच्या दाव्यांचं?

नियमावली
ऑगस्ट २०२४ मध्ये ते दावे काढायला सांगणारा आदेश निघाला आणि आठवड्याच्या आत मागे घेतला गेला. ताईंच्या लाडवाशी त्याचा संबंध एवढाच, की ‘ए-टू तुपातले’ लिहायचा मोह टाळा. तो फरक दुधातल्या प्रथिनाच्या प्रकारातला आहे आणि तुपात प्रथिनं जवळपास नसतातच.

कोकणकडा
हिरव्या ठिपक्याचं माप कुणी सांगितलं का? पुढच्या दर्शनी भागाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर वर्तुळाचा व्यास किमान ३ मिलिमीटर, १०० ते ५०० पर्यंत ४, पुढे २५०० पर्यंत ६, त्यावर ८. चौकटीची बाजू व्यासाच्या दुप्पट. २५० ग्रॅमचा पाउच साधारण १४ बाय २० चा असतो, म्हणजे २८० चौरस सेंटिमीटर, ४ मिलिमीटरचा ठिपका. दूध, तूप, मध शाकाहारी चिन्हात येतात, अंडं मात्र नाही. मांसाहारी चिन्ह २०२० पासून तपकिरी त्रिकोणाचं झालं. रंगांध माणसाला हिरवा आणि तपकिरी गोल वेगळे कळत नव्हते, आकाराने कळतं. फार चांगला बदल आहे तो.
तूप आहे म्हणून व्हीगन चिन्ह नाही, हेही डिझाइनवाल्याला सांगा. ते लोक पानांची चित्रं सहज चिकटवतात.

टेस्टट्यूब
मागच्या बाजूचं कोष्टक राहिलं. १०० ग्रॅममध्ये ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण स्निग्ध, संपृक्त स्निग्ध, ट्रान्स फॅट, कोलेस्टेरॉल, सोडियम. शिवाय एका सर्व्हिंगमधून रोजच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो ते. आधार : २००० किलोकॅलरी, स्निग्ध ६७ ग्रॅम, संपृक्त २२, ट्रान्स २, वरून घातलेली साखर ५०, सोडियम २००० मिलिग्रॅम.
तुमच्या लाडवाची ऊर्जा १०० ग्रॅमला ४२० किलोकॅलरीच्या आसपास, म्हणजे एका लाडवात १०५, गरजेच्या ५ टक्के. स्निग्ध १०० ग्रॅमला २२, लाडवात साडेपाच, ८ टक्के. संपृक्त १०० ग्रॅमला १० ग्रॅम, लाडवात अडीच, ११ टक्के. तुपाचा लाडू आहे, हा आकडा येणारच. लपवू नका आणि त्याच्या बाजूला ‘हार्ट हेल्दी’ही लिहू नका.
सर्व्हिंग एक लाडू धरा, अर्धा धरू नका. अर्धा लाडू कुणी खात नाही. कित्येक फरसाणाच्या पाकिटांवर सर्व्हिंग २० ग्रॅम छापलेलं असतं, जे एका मुठीत संपतं.
हा सगळा माझा कागदी हिशेब आहे. छापण्याआधी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेकडून तयार लाडवाची तपासणी करून घ्या. भाजताना पाणी उडतं, त्यामुळे कच्च्या मालाची बेरीज आणि तयार पदार्थ जुळत नाहीत. तीन वेगळ्या बॅचमधून नमुने घेऊन एकत्र करा. फायबर आणि कॅल्शियम वेगळं मागा, नेहमीच्या पॅकेजमध्ये ते बऱ्याचदा नसतं.

गोधडी
‘वरून घातलेली साखर’ या ओळीत शून्य लिहायचं ना? मग पुढे तेच शब्दांत का नाही?

टेस्टट्यूब
गोधडी, तुमचा मुद्दा फिरून तिथेच आला, पण प्रश्न रास्त आहे. कोष्टकातली ओळ म्हणजे मोजमाप. पुढचं वाक्य म्हणजे दावा, आणि दाव्याला सुक्या फळाच्या पेस्टची जादा अट आहे. मागे शून्य असलं तरी पुढे बोभाटा करायचा हक्क त्यातून मिळत नाही. एकूण साखर २९ छापलेली असली की वाचणाऱ्याला कळतं.

चाळणी
दंडाचे आकडे विचारले नाहीत कुणी, तरी लिहिते. चुकीच्या लेबलच्या मालाला अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५२ खाली तीन लाखांपर्यंत, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कलम ५३ खाली दहा लाखांपर्यंत. जाहिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेलं पोस्टरही येतं. पाकिटावरून ‘मधुमेहींसाठी’ काढून पोस्टरवर ठेवलं तर काही साधलं नाही.

शेवंती
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येकाचं वाचून नवा मसुदा केलाय, पाहाल का?
पुढे : खजूर नाचणी लाडू. गोडी खजुराची. हाय फायबर (तपासणी अहवाल आल्यावरच). हिरवं चिन्ह ४ मिमी. नेट वेट २५० gm असं इंग्रजीत.
मागे : घटक उतरत्या क्रमाने, खजूर, नाचणी पीठ, साजूक तूप, तीळ, शेंगदाणे. कन्टेन्स पीनट, मिल्क, सेसमी. मे कन्टेन व्हीट. कोष्टक अहवालावरून. बॅच क्रमांक, पॅकिंगची तारीख, यूज बाय. गटाचं नाव, पूर्ण पत्ता, एफएसएसएआयचं बोधचिन्ह आणि १४ अंकी क्रमांक. तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. एमआरपी ३०० रुपये, सर्व करांसह. साठवण : कोरड्या, थंड जागी. मुख्य मजकूर मराठीत, खाली थोडा इंग्रजीत.

नियमावली
जवळजवळ झालं. चार दुरुस्त्या. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत पूर्ण हवा. मराठी जोडीला कितीही घ्या, पण दोन्हींत तफावत नको. ‘gm’ नव्हे, वैधमापनात ग्रॅमची खूण फक्त ‘g’ आहे. या एका अक्षरावरून नोटिसा निघतात. एमआरपीबरोबर एकक विक्री किंमत लिहा : ३०० भागिले २५०, म्हणजे ग्रॅमला १.२० रुपये. आणि वैधमापनाकडे पॅकर म्हणून नोंदणी केली नसेल तर ती वेगळी करावी लागते, एफएसएसएआयच्या नोंदणीत ती येत नाही.

छापखाना
पुढे किंमत कमी करायची वेळ आली तर नवं स्टिकर जुन्या किमतीवर चिकटवू नका, शेजारी लावा. वाढवायला स्टिकर चालत नाही.

बे_एरिया
नावात खजूर आणि नाचणी दोन्ही आहेत आणि पुढे चित्रही त्यांचंच असणार. म्हणजे दोन्हींची टक्केवारी द्यायला लागेल ना?

कोकणकडा
हो, हे आम्हा सगळ्यांच्याच नजरेतून सुटलं होतं. नावात किंवा चित्रात जो घटक ठळक केला, त्याचं प्रमाण टक्क्यांत हवं. यादीत ‘खजूर (४५%), नाचणी पीठ (२५%)’ असं करा. चित्रात बदाम-पिस्ते नकोत. शोभेसाठी ठेवलेले बदामही ‘आत आहेत’ असंच सांगतात.

शेवंती
डिझाइनवाल्याने चित्रात बदाम ठेवले होते, आत्ताच काढायला सांगितले. टक्केवारी घातली, ‘g’ केलं, इंग्रजी पूर्ण केलं. तीळ पॉलिश न केलेले घेतोय आणि पीठ न चाळता तीन बॅच बांधून नमुने या आठवड्यात तपासणीला देतोय. अहवाल आला की फायबरचा आकडा इथेच टाकते.

दगडीजातं
तीनही बॅचच्या नाचणीची पोती आणि दळणाची तारीख वहीत लिहून ठेवा. अहवालाबरोबर तेही लागेल.